नमुना आधी की धागा आधी?

पत्राचा सारांश: माहेर बेळगावचे, लग्नानंतर उत्तर गोव्यात स्थायिक झालेल्या आणि आता पन्नाशीच्या जवळ आलेल्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. लहानपणी आत्याने त्यांना दोन सुयांवरचे विणकाम शिकवले. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर त्यांनी सुया पुन्हा हातात घेतल्या, पण मनासारखे काही होत नाही. मोबाइलमध्ये शेकडो डिझाइन्स साठवली आहेत आणि त्यातले एकही पूर्ण झालेले नाही. जवळच्या दुकानात बाळाच्या लोकरीचे तीन-चार फिके रंग सोडले तर काही मिळत नाही. ऑनलाइन मागवलेली लोकर घरी आल्यावर वेगळीच निघते. एका इंग्रजी नमुन्याबरहुकूम आठ नंबरच्या सुयांवर भाचीसाठी विणलेले जॅकेट इतके लहान झाले की ते तिला चढलेच नाही. "इथे घामाच्या धारा लागतात, लोकर कसली विणतेस?" असे घरचे म्हणतात, तर नणंद म्हणते, "एवढे करतेसच तर विकायला काढ." त्या विचारतात, "दुसऱ्यांचे बघून विणायचे, तर त्यात माझे असे काय? मला स्वतःचे काही सुचतच नाही. हा नाद सोडून द्यावा का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आणि एक गोष्ट प्रत्येक वेळी खटकली. मोबाइलमधल्या डिझाइन्सविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे: कोणता गळा आवडला, कोणती वेणी (टाके एकमेकांवरून ओलांडून केलेली वीण) जमेलसे वाटत नाही, कोणता रंग इथे मिळणार नाही. घरात असलेल्या धाग्याविषयी मात्र एकच वाक्य आहे, "कपाटाचे दोन खण भरले आहेत." त्या दोन खणांत काय आहे? सुती किती, अॅक्रिलिक किती, जाड कोणते, बारीक कोणते, कोणत्या रंगाचा एकच गुंडा उरला आहे आणि कोणत्याचे पाच-सहा आहेत? मला वाटते की तुमच्या अडचणीची सुरुवात तिथे आहे. तुम्ही गृहीत धरले आहे की आधी काहीतरी सुचले पाहिजे, मग त्याचा नमुना सापडला पाहिजे, मग त्याच नमुन्यातली लोकर त्याच रंगात मिळाली पाहिजे, आणि मगच टाके घालायचे. या क्रमाने गेलो तर गोव्यात राहणाऱ्या माणसाला कुठल्या तरी पायरीवर थांबावेच लागते.

मोबाइलवर आपण पाहतो ते दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या ऋतूतल्या, दुसऱ्याच अंगावरच्या तयार कपड्याचे छायाचित्र असते. ते पाहून मन भरते, पण हाताला काही कळत नाही. बाजारात मासळी कोणती ताजी आली आहे ते पाहून मग हुमणाचे ठरवणारी आपण माणसे. विणकामातच तेवढे उलटे का करावे? आधी धागा हातात घ्या, त्याचा एक चौकोन विणा, तो धुऊन वाळवा, आणि मग ठरवा की या कापडाचे काय व्हावे. नमुना शोधायला त्यानंतर बसा. तेव्हा तुम्ही शेकडो चित्रे चाळणार नाही, कारण काय शोधायचे ते तुम्हाला ठाऊक असेल.

हा चौकोन म्हणजे वेळेचा अपव्यय आहे असे बहुतेकींना वाटते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. मध्यम जाडीच्या सुती धाग्याचे ३० टाके घाला. पहिल्या चार ओळी दोन्ही बाजूंनी सुलट विणा. पुढे सुमारे २० ओळी एक बाजू सुलट, एक बाजू उलट अशा साध्या विणा. मग तितक्याच ओळी एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत नेमके त्याच्या विरुद्ध, अशी दाणेदार वीण घ्या. शेवटी दोन टाके एकत्र विणून आणि सुईवर धागा घेऊन जाळीच्या थोड्या ओळी घाला आणि टाके सैल बंद करा. आता तो तुकडा कोमट पाण्यात बुडवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळू द्या. वाळल्यावर नीट पाहा. साध्या विणीचा भाग कडांना गुंडाळायला बघतो, दाणेदार भाग दोन्ही अंगांनी सारखा दिसतो आणि निपचित पडून राहतो, जाळीचा भाग पाण्याने उघडलेला असतो आणि त्यातून हवा खेळते. एकाच धाग्याची, एकाच सुयांवरची ही तीन वेगळी कापडे आहेत. दाणेदार भाग हाताला घट्ट लागला तर त्याची पिशवी होऊ शकते. जाळी अंगावर सुळकन पडली तर तिचा स्टोल होईल. तुम्ही ज्याला "सुचणे" म्हणता ते पुष्कळदा या टप्प्यावर होते, आणि ते हाताशी कापड असल्याशिवाय होत नाही.

आता घरच्यांच्या घामाच्या धारांविषयी. त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे नाही. जानेवारीतल्या पहाटेही आपल्याकडे पारा २० अंशांच्या आसपासच असतो, तेव्हा बेळगावात आत्याने विणले तसे जाड, बंद गळ्याचे, पूर्ण बाहीचे स्वेटर इथे कपाटातच राहणार. पण यावरून विणकामच इथले नव्हे असे ठरत नाही. इथला धागा वेगळा आहे एवढेच ठरते. गोव्यात राहून विणकाम करणाऱ्या स्त्रीने मुख्यतः सुती धाग्यावर काम करावे असे माझे स्पष्ट मत आहे. बाजाराच्या पिशव्या, टेबलावरचे रुमाल, उशांचे अभ्रे, भांडी पुसायची फडकी, वातानुकूलित कार्यालयात खांद्यावर घ्यायचा स्टोल, पहाटेच्या बसने पणजीला जाणाऱ्यासाठी बिनबाह्यांचे हलके जॅकेट, हे सगळे सुती धाग्यात छान होते आणि वर्षभर वापरले जाते. लोकर राखून ठेवायची ती पुण्या-बेळगावच्या माणसांसाठी आणि बाळंतविड्यासाठी. बाळाच्या वस्तू विणताना मऊ, केस न सुटणारा आणि रोज धुता येणारा धागा घ्या. मोठ्या छिद्रांची जाळी टाळा, कारण तीत बाळाची बोटे अडकतात. लांब नाड्या लावू नका. आणि घरात उकाडा असताना बाळाला घट्ट लोकरी टोपडे घालून झोपवू नये, हेही देताना सांगा.

लोकरीची सवय झालेल्या हाताला सुती धागा सुरुवातीला हटवादी वाटतो. तो लोकरीसारखा ताणून परत जागेवर येत नाही, म्हणून कमरेची आणि मनगटाची पट्टी लवकर सैल पडते. ती एक-दोन नंबर बारीक सुयांवर विणावी. सुती कापड जड असते आणि स्वतःच्या वजनाने लांबीत उतरते, म्हणून मोठा कपडा कधीही दोरीवर टांगून वाळवू नये. आणि फार जाड सुती धागा घेऊ नका. जुलै महिन्यात ती वस्तू वाळायला दिवसच्या दिवस लागतात आणि तिला कुबट वास येतो.

भाचीच्या जॅकेटचे काय झाले ते तुमच्या पत्रावरूनच कळते, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १२ म्हणजे २.७५, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४ आणि ६ म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यांत हे उलट असते. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. तुमचा इंग्रजी नमुना अमेरिकन असणार. तुम्ही त्यांचा आठ वाचून आपला आठ घेतलात, म्हणजे पूर्ण एका मिलिमीटरने बारीक सुई घेतलीत. समजा नमुन्यात १० सेंटिमीटरला १८ टाके धरले होते आणि पाठीचे ९० टाके होते, तर पाठ ५० सेंटिमीटर व्हायला हवी होती. बारीक सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके बसले, की तेच ९० टाके जेमतेम ४१ सेंटिमीटर भरतात. त्यामुळे नमुन्यातला नंबर न पाहता मिलिमीटर पाहा, आणि त्याहीपेक्षा टाक्यांचे माप पाहा. ते जुळत नसेल तर सुई बदला. नमुना काय म्हणतो याला त्यापुढे महत्त्व नाही. ते जॅकेट उसवू नका, एखाद्या लहान मुलाला ते नक्की बसेल.

इंग्रजी संक्षेपांची तुम्ही घेतलेली धास्तीही अनाठायी आहे. बहुतेक नमुने पुढच्या पाच-सहा खुणांवर चालतात: "के" म्हणजे सुलट, "पी" म्हणजे उलट, "के टू टॉग" म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, "एस एस के" म्हणजे दोन टाके एकेक करून उतरवून मागून एकत्र विणणे, "वाय ओ" म्हणजे सुईवर धागा घेऊन नवा टाका. हे वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहून ठेवा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आलेखावरून विणायला शिकणे. चौकटींच्या आलेखात प्रत्येक चौकट म्हणजे एक टाका. वाचायचे ते खालून वर, सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. जपानमध्ये या चिन्हांचे राष्ट्रीय मानक ठरलेले आहे, त्यामुळे जपानी अक्षर न येणाऱ्या जगभरच्या स्त्रिया जपानी नमुने विणतात. मग इंग्रजी कच्चे असण्याचे इतके दडपण कशाला?

नमुने शोधण्यासाठी मी दोन-तीनच ठिकाणे सुचवीन, कारण ठिकाणे वाढली की पुन्हा चाळणे सुरू होते. रॅव्हलरी हे २००७ साली सुरू झालेले संकेतस्थळ नाव नोंदवून विनामूल्य वापरता येते. त्याचा खरा उपयोग चित्रे पाहण्यासाठी नाही. तिथे धाग्याची जाडी, धाग्याचा प्रकार, लागणारे मीटर आणि "मोफत" अशा चाळण्या (फिल्टर) एकाच वेळी लावता येतात. "सुती, मध्यम जाडी, ३०० मीटरपर्यंत, मोफत" असे मागितले की ढीग आटोक्यात येतो. शिवाय तोच नमुना इतरांनी विणून टाकलेली छायाचित्रे तिथे असतात. वेगवेगळ्या अंगांवर, वेगवेगळ्या धाग्यांत ती वस्तू कशी दिसते हे त्यांतून कळते. जुन्या गोष्टींची आवड असेल तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने आपल्या संग्रहातील एकोणिसाव्या शतकातली विणकामाची पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर सर्वांसाठी ठेवली आहेत, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९४० च्या दशकातले काही नमुने आपल्या संकेतस्थळावर मोफत दिले आहेत. युद्धकाळात लोकर मोजून मिळत असे, त्यामुळे त्या काळचे नमुने धागा जपून वापरणारे आहेत. मात्र जुन्या पुस्तकांत टाक्यांचे माप बहुधा नसते आणि सुया फार बारीक असतात, म्हणून त्यातून विणी घ्या. कपड्याची मापे घेऊ नका.

येथे एका नव्या धोक्याविषयीही सांगायला हवे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली विणकामाची मोहक चित्रे सर्वत्र फिरतात आणि त्यांच्यासोबत पैसे घेऊन नमुनेही विकले जातात. त्या चित्रातल्या वस्तू कुणी विणलेल्याच नसतात, काही तर विणताच येणार नाहीत. चित्र मोठे करून टाके पाहा. टाक्यांच्या रांगा मध्येच विरघळत असतील, वेणी कुठून निघून कुठे जाते ते कळत नसेल, आणि त्या नमुन्यावरून दुसऱ्या कुणी विणलेली एकही वस्तू दिसत नसेल, तर तो नमुना घेऊ नका. तुमच्या साठवलेल्या शेकडो डिझाइन्सपैकी काही अशीच असण्याची शक्यता आहे, आणि ती "जमली नाहीत" म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर तो आजच सोडा. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: जो नमुना एखाद्या व्यक्तीने कष्टाने मांडून विकायला ठेवला आहे, तो व्हॉट्सअॅपवर फुकट आला तरी पुढे पाठवू नये. या कामातली कमाई मुळात तुटपुंजी असते आणि ती करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच असतात.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, "मला स्वतःचे काही सुचतच नाही." आत्याने शिकवलेली वेणी तिला कुणी शिकवली होती? तिच्या आधी कुणाला? विणींवर कुणाचे नाव नसते. त्या हातातून हातात आलेल्या आहेत, आणि प्रत्येक हाताने धागा, रंग, रुंदी, वापर यांत आपले काही ना काही घातले आहे. नमुन्याबरहुकूम विणणाऱ्या बाईलाही रंग निवडावा लागतो, लांबी ठरवावी लागते, कुणाला द्यायचे हे ठरवावे लागते. ती निवड तुमचीच असते. तरीही इथल्या मातीतले काही विणावे अशी इच्छा असेल, आणि तुमच्या पत्रातून ती जाणवते, तर नजर मोबाइलवरून उचलून आजूबाजूला टाका.

कावी कला तुम्ही पाहिली असेल. गोव्यातल्या आणि कोकणातल्या काही जुन्या मंदिरांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन, तो कोरून खालचा पांढरा दाखवलेला असतो. म्हणजे सगळे चित्र दोनच रंगांत उभे राहते, आणि दोन रंगांच्या विणकामातही नेमके एका ओळीत दोनच धागे चालवायचे असतात. तिथल्या काठपट्टीतली एखादी साधी वेल किंवा फूल आलेखावर उतरवून पाहा. दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे विणलेला टाका चौरस नसतो. तो उंचीपेक्षा रुंद असतो. मध्यम जाडीच्या धाग्यात १० सेंटिमीटरच्या चौरसात साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात, म्हणून साध्या चौकटीच्या कागदावर काढलेले गोल फूल विणल्यावर चपटे होते. त्यासाठी कागदावरच्या चौकटी रुंद आणि बुटक्या आखून घ्या. दुसरी गोष्ट, मागून जाणारा धागा चार-पाच टाक्यांहून लांब लोंबकळू देऊ नका. हे कापड दुहेरी आणि जाड होते, त्यामुळे त्याचे अंगावरचे काही करू नका. पिशवी किंवा उशीचा अभ्रा मात्र देखणा होईल. जुन्या घरांतल्या जमिनीच्या नक्षीदार फरशांतही असाच पुन्हा पुन्हा येणारा तुकडा असतो, आणि एक फरशी आलेखावर उतरली की पुढची जोडणी आपोआप मिळते.

कुणबी साडीच्या लाल चौकड्या विणायच्या असतील तर दोन धागे एकत्र चालवण्याचीही गरज नाही. वर चौकोनात सांगितलेल्या साध्या विणीत ठरावीक अंतरावर एकेक टाका सुलट बाजूने उलट दिसेल असा विणत जा, म्हणजे कापडात उभ्या खाचा तयार होतात. आडवे पट्टे विणतानाच रंग बदलून घाला. कापड पूर्ण झाल्यावर क्रोशाच्या सुईने त्या खाचांतून खालून वर साखळी ओढत न्या. आडव्या-उभ्या रेघा मिळून चौकडी होते, मागे धागे लोंबकळत नाहीत आणि कापड हलके राहते. फक्त लाल सुती धागा पांढऱ्यासोबत वापरण्यापूर्वी त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. रंग उतरला तर तो धागा एकट्यानेच वापरायचा.

साहित्याच्या बाबतीत "गोव्यात काही मिळत नाही" हे विधान मला पूर्ण मान्य नाही. लोकरीच्या दुकानात सुती धागा शोधला तर तो मिळणार नाही. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा या बाजारांत शिवणकाम आणि भरतकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत क्रोशाचा सुती धागा मिळतो, कारण इथल्या ख्रिस्ती घरांत क्रोशाच्या जाळीची जुनी परंपरा आहे. तो बारीक वाटला तर दोन-तीन पदर एकत्र घेऊन विणता येतो. दोन रंगांचे पदर एकत्र केले तर जी छटा तयार होते ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. दुकानदाराला एका गुंड्यासाठी रंग मागवणे परवडत नाही. तुम्ही चौघीजणी मिळून डबा मागितलात तर तो मागवतो. बेळगावला जाणे होतेच, तर लोकरीची खरेदी तिथेच, हात लावून, थंडीच्या सुरुवातीला करा.

ऑनलाइन घ्यायचेच असेल तर आधी एक गुंडा मागवा, तो दिवसाच्या उजेडात पाहा, चौकोन विणा आणि मग बाकीचे मागवा. त्या वेळी वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर सारखा असल्याची खात्री करा. लॉट बदलला की तोच रंग कपड्यावर पट्ट्यासारखा वेगळा दिसतो. वजनावरून अंदाज बांधू नका, मीटर पाहा. ४०० मीटर लागणार असतील आणि ५० ग्रॅमच्या गुंड्यात १२५ मीटर असतील, तर चार गुंडे लागतात आणि शहाणी बाई पाचवा घेऊन ठेवते. वेष्टनच नसेल तर २० मीटर धागा मोजून त्याचे वजन करा. ते ८ ग्रॅम भरले तर ५० ग्रॅमला १२५ मीटर हा हिशेब आला. कपाटातल्या बिननावाच्या धाग्यांची ओळख पटवायला छोटा तुकडा चिमट्यात धरून मोरीवर जाळून पाहा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि तिची राख चुरडते, अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र धाग्यात या खुणाही मिसळतात.

आणि जुने स्वेटर विसरू नका. आपल्या आया-मावश्या उसवून पुन्हा विणत असत, ती रीत आजही तितकीच उपयोगाची आहे. आधी आतली शिवण पाहा. बाजू साखळीने किंवा सुईने जोडलेल्या असतील तर धागा सलग निघतो. कापड कापून यंत्राने ओव्हरलॉक केलेले असेल तर प्रत्येक ओळीला तुकडा पडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगा. वाळेपर्यंत त्यातले वळसे बरेचसे जातात. मगच गुंडा करा.

साठवणीविषयी थोडक्यात: पाऊस सुरू होण्यापूर्वी सगळा धागा उन्हात घालून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत भरा, लोकरीत कडुनिंबाची सुकलेली पाने घाला, आणि एकदा वापरलेली, घामाचा हात लागलेली वस्तू न धुता कधीही आत ठेवू नका, कारण कसर आधी तिलाच लागते. लोखंडी सुया इथल्या हवेत गंजतात आणि धाग्याला डाग पाडतात, अॅल्युमिनियमच्या घ्या.

शेजारच्या एखाद्या वयस्कर बाईंच्या घरी क्रोशाचे जुने टेबलक्लॉथ असेल तर ते दाखवण्याची विनंती करा, आणि जाताना आपले विणकाम घेऊन जा. तुम्हाला जाळीची एखादी किनार शिकायला मिळेल, त्यांना दोन सुयांची वेणी. एकट्याने मोबाइल पाहत बसण्याऐवजी अशा चारजणींची आठवड्यातून एक दुपार जमली, तर धागा मागवण्यापासून अडलेली ओळ सोडवण्यापर्यंत तुमच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

नणंदेच्या सूचनेला सध्या नकार द्या. तिच्या मनात तुमचे कौतुकच आहे, पण विकायला काढले की इतरांच्या पसंतीचे रंग, त्यांची घाई आणि त्यांची घासाघीस आली. शिवाय अनेक नमुन्यांवर "केवळ वैयक्तिक वापरासाठी" अशी अट असते, ती विक्रीच्या आधी वाचावी लागते. पुढे कधी स्वतःच्या आलेखांवरच्या पाच-सहा पिशव्या तयार झाल्या आणि त्या विकाव्याशा वाटल्या, तर किंमत काढताना धाग्याबरोबर तासांचीही मजुरी धरा आणि ती सांगताना संकोच करू नका.

नाद सोडू नका. येत्या आठवड्यात नवा धागा घेऊ नका आणि नवे डिझाइनही साठवू नका. ते दोन खण रिकामे करून सगळे पलंगावर मांडा, सुती एकीकडे, लोकर एकीकडे, अॅक्रिलिक एकीकडे, आणि ज्या धाग्याचे चार किंवा अधिक गुंडे आहेत त्यांची यादी करा. त्यातल्या सगळ्यात आवडत्या सुती रंगाचे ३० टाके घाला. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या आणि आपल्या भागात सुती धागा, सुया किंवा जुने नमुने कुठे मिळतात हे माहीत असलेल्या वाचकांनी गावाच्या नावासह या सदराकडे जरूर कळवावे. ती माहिती तुमच्यापर्यंत आणि इतर विचारणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मी करीन.